नावडतीचं मीठ अळणी: ब्रिटनच्या युरोप-वादात बोलायला उभं कोणाला करायचं?

केतकी_स्लाउ

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज टंकतेच.

ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, या २०१६ च्या सार्वमताच्या वेळी मी लंडनजवळ स्लाउला राहत होते. पासपोर्ट भारतीय, तरीही मला मत होतं, कारण राष्ट्रकुलातल्या देशांचे तिथे राहणारे नागरिक मतदार असतात. माझ्या ऑफिसातली पोलिश मैत्रीण २००४ पासून तिथे राहून कर भरत होती, तिला मत नव्हतं.

जूनमधल्या एका शनिवारी हाय स्ट्रीटवर दोन्ही बाजूंची टेबलं लागली होती. माझ्यासोबत शेजारच्या बीजी होत्या. सत्तरीच्या, जालंधरच्या, चाळीस वर्षं स्लाउत. रिमेनच्या, म्हणजे 'राहू या'वाल्यांच्या, टेबलावरचा मुलगा मोठ्या अदबीने त्यांना सांगत होता, की बाहेर पडलो तर प्रत्येक घराला वर्षाला ४३०० पौंडांचा फटका बसेल, खुद्द अर्थमंत्री ऑस्बर्न यांनी सांगितलंय. बीजींनी पत्रक घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, "हेच ना ते, ज्यांनी सहा वर्षं सगळीकडे कात्री लावली?" मुलगा गप्प. पलीकडच्या टेबलावर एक पंजाबी बाई होत्या. त्या उठून आल्या, बीजींचा हात धरला आणि भाच्याच्या व्हिसाची चौकशी केली. बीजींच्या भाच्याला लग्नासाठी यायचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. संपला विषय. बीजींनी लीव्हला, म्हणजे बाहेर पडायला, मत दिलं. स्लाउनेही ५४.३ टक्क्यांनी तेच केलं.

मुद्दा कोणाचा बरोबर होता, हा वाद इथे नको. माझा प्रश्न एवढाच: रिमेनने बोलायला कोणाला उभं करायला हवं होतं? माझं मत असं, की त्यांच्याकडे माणसं होती, पण त्यांनी निवडली ती नेमकी नको ती.

अळूवडी

रुमाल टाकून ठेवतोय. हा धागा शंभरी गाठणार.

जुनापेपर

केतकी, छान विषय काढलास. मी १९७१ मध्ये लंडनला आलो, म्हणून १९७५ ची गोष्ट सांगतो. ५ जून १९७५ ला युरोपच्या सामायिक बाजारपेठेत राहायचं का, यावर पहिलं सार्वमत झालं. ६७.२ टक्के लोकांनी 'राहू या' म्हटलं. त्या वेळी मुद्द्यांपेक्षा माणसांवरच मतं पडली असं मला आजही वाटतं.

'हो' म्हणणाऱ्यांचे अध्यक्ष रॉय जेंकिन्स. सोबत टेड हीथ, विली व्हाइटलॉ, शर्ली विल्यम्स, लिबरल पक्षाचे थॉर्प. मजूर, हुजूर, लिबरल एका सतरंजीवर. मार्गारेट थॅचर नुकत्याच हुजूर पक्षाच्या नेत्या झालेल्या. नऊ सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून त्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये आल्या, तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. 'नाही' म्हणणाऱ्यांकडे टोनी बेन, मायकेल फूट, बार्बरा कासल, पीटर शोर, इनक पॉवेल आणि उत्तर आयर्लंडचे इयन पेझली. एकेकटा घेतला तर सगळे फर्डे वक्ते. पण १९७० च्या निवडणुकीत याच बेननी पॉवेलच्या वंशवादाची तुलना थेट डाखाउ आणि बेल्सन या नाझी छळछावण्यांवर फडकणाऱ्या झेंड्याशी केली होती. पाच वर्षांनी दोघं एकाच बाजूला! बेनच्या माणसाला पॉवेल चालत नव्हता आणि पॉवेलच्या माणसाला बेन.

माझं स्वतःचं सांगतो. बाजारपेठेबद्दल माझ्या मनात शंका होत्या. न्यूझीलंडच्या लोण्याचं, वेस्ट इंडीजच्या साखरेचं काय होणार, हे आम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज बोलायचो. पण पॉवेलच्या १९६८ च्या स्थलांतरितांविरुद्धच्या भाषणानंतर आम्हा हिंदी लोकांना रस्त्यात काय काय ऐकावं लागलं, ते मी विसरलेलो नव्हतो. पॉवेल ज्या बाजूला, त्या बाजूला माझं मत जाणं शक्यच नव्हतं. मी 'हो'वर फुली मारली.

गोदाकाठ

काका, __/\__. हे पुस्तकात सापडत नाही.

यावरून १९६२ आठवलं. मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्सकेल यांनी ब्रायटनच्या अधिवेशनात सामायिक बाजारपेठेविरुद्ध भाषण केलं, ब्रिटनचा हजार वर्षांचा इतिहास संपेल म्हणाले. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यांच्या पत्नी डोरा मात्र म्हणाल्या, की टाळ्या वाजवणारी सगळी चुकीची माणसं आहेत. गेट्सकेलचे जवळचे मित्र, जेंकिन्ससारखे, युरोपवाले. टाळ्या देत होता तो पक्षातला डावा गट, ज्याच्याशी ते आयुष्यभर भांडले. प्रवक्ता निवडताना, तो बोलल्यावर टाळ्या कोण वाजवणार हे आधी बघावं, एवढं त्या बाईंना एका वाक्यात कळलं होतं.

तर्कटराव

मी असहमत. प्रवक्त्याला तुम्ही फार मोठं करताय. २०१६ मध्ये रिमेनकडे पंतप्रधान होते, बहुसंख्य खासदार होते, बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर होते, वॉशिंग्टनहून ओबामा आले होते. सरकारने ९३ लाख पौंड खर्चून २ कोटी ७० लाख घरांत पत्रक टाकलं. तरी हरले, कारण त्यांच्याकडे स्थलांतराच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उत्तर नसेल तर कोणालाही उभं करा, पालथ्या घड्यावर पाणी.

शिवाय २५-३० वर्षं वर्तमानपत्रांनी ब्रसेल्सविरुद्ध जे पेरलं, ते १० आठवड्यांत कोणता प्रवक्ता उपटणार होता? त्यातले एक बातमीदार १९८९ ते १९९४ ब्रसेल्सहून 'डेली टेलिग्राफ'ला बातम्या पाठवत होते. पुढे तेच लीव्हचा चेहरा झाले: बोरिस जॉन्सन.

केतकी_स्लाउ

तर्कटराव, तुम्ही दिलेली यादीच माझा मुद्दा सिद्ध करते. पंतप्रधान, गव्हर्नर, ओबामा. यातला एकही माणूस बीजींच्या गल्लीतला नाही. ओबामा २२ एप्रिलला म्हणाले, की व्यापार कराराच्या रांगेत ब्रिटन शेवटी उभा राहील. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातला ड्रायव्हर चिडून म्हणाला, "हा कोण आम्हाला रांग दाखवणारा?" तो आदल्या दिवसापर्यंत काठावर होता.

निळावंती

मी सन्डरलंडजवळ डॉक्टर आहे, वीस वर्षांहून जास्त झाली. तर्कटरावांना आमच्या भागातलं एक उदाहरण देते.

२००४ मध्ये इथे वेगळंच सार्वमत झालं: ईशान्य इंग्लंडला स्वतःची विधानसभा हवी का? सरकार, मजूर पक्ष, मोठमोठी नावं सगळी 'हो' म्हणत होती. विरोधकांनी राजकारणी मागे ठेवले आणि स्थानिक उद्योजकाला बोलायला पुढे केलं. 'राजकारणी बोलतात, पैसे आपण भरतो' ही त्यांची घोषणा, आणि गावोगाव फिरवायला एक फुगवलेला पांढरा हत्ती. माझ्या दवाखान्यात येणारे खाणकामगार तो हत्ती बघून पोट धरून हसायचे. ७७.९ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. त्या मोहिमेत हात असलेल्यांपैकी डॉमिनिक कमिंग्ज बारा वर्षांनी 'व्होट लीव्ह' या बाहेर पडण्याच्या मोहिमेचे संचालक झाले. म्हणजे कोणाला पुढे करायचं आणि कोणाला झाकायचं, याची रंगीत तालीम आमच्या अंगणात झाली होती. ब्रसेल्सवर राग होता हे मान्य, पण २००४ च्या त्या विधानसभेवर काही ३० वर्षं कोणी राग पेरलेला नव्हता.

तर्कटराव

ताई, पांढऱ्या हत्तीचं ठाऊक नव्हतं. मुद्दा अंशतः मान्य. स्थलांतराचं मात्र मागे घेत नाही.

लीड्सकर

निळावंती ताईंच्या 'झाकणं' या शब्दाला +१. निवडीत निम्मं काम ते असतं.

लीव्हवाल्यांत दोन तट होते. यूकिप पक्षाचे नेते नायजेल फराज आणि त्यांचा गट एकीकडे, 'व्होट लीव्ह' दुसरीकडे. निवडणूक आयोगाने १३ एप्रिल २०१६ ला 'व्होट लीव्ह'ला अधिकृत मोहीम ठरवलं. त्यांचं गणित सरळ होतं: फराजवर जीव टाकणारे लोक तसेही लीव्हलाच मत देणार, आणि काठावरचा माणूस फराजना बघून मागे सरकतो. म्हणून टीव्हीवरच्या मोठ्या चर्चांना त्यांनी पाठवलं कोणाला? ९ जूनला आयटीव्हीवर आणि २१ जूनला वेम्बलीला तेच तिघं: जॉन्सन, आंद्रिया लेडसम आणि गिझेला स्टुअर्ट.

गिझेला स्टुअर्ट ही निवड तर मला अजून थक्क करते. मजूर पक्षाच्या खासदार, बर्मिंगहॅमच्या, आणि जन्म बव्हेरियातला! युरोपच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या परिषदेत ब्रिटिश संसदेकडून जाऊन, आतून सगळं बघून आलेल्या. त्या मंद जर्मन हेल काढून 'सूत्रं परत आपल्या हाती' म्हणायच्या, तेव्हा समोरचा त्यांना परकीयद्वेषी कसा म्हणणार?

अळूवडी

आणि टेम्सवर मासेमारांच्या बंदोबस्ताला रिमेनकडून कोण गेलं? गायक बॉब गेल्डॉफ! लॉटरीत सगळी बक्षिसं लागूनही तिकीट धुवायला टाकावं तसं.

लीड्सकर

हो हो, तेच लिहिणार होतो. १५ जून २०१६, टेम्स नदी. मासेमार आपल्या होड्या घेऊन संसदेपर्यंत आले, मासेमारीच्या कोट्याविरुद्ध. फराज त्यांच्यासोबत. समोरून गेल्डॉफ मोठ्या बोटीवरून, ध्वनिवर्धक लावून, मासेमारांना दोन बोटं दाखवतायत, म्हणजे इथली शिवीच. मी ऑफिसच्या पँट्रीत हे बघत होतो. माझी टीम बहुतेक सगळी रिमेनची. पँट्रीत एकदम शांतता. आमचा टीम लीड मासेमारीच्या बंदराचा, ग्रिम्झबीचा, आजोबा ट्रॉलरवर कामाला होते. तो कप ठेवून निघून गेला.

पानसुपारी

मी लेस्टरला हॉटेलच्या किचनमध्ये अकरा वर्षं काढली, म्हणून बीजींच्या व्हिसाबद्दल थोडं.

प्रीती पटेल तेव्हा मंत्री होत्या, गुजराती कुटुंबातल्या. त्यांनी करी हाउसवाल्यांना सांगितलं, की युरोपातून येणाऱ्यांचा लोंढा थांबला की आपल्याकडचे आचारी आणता येतील. आमच्या धंद्याची तेव्हा खरोखर कोंडी झाली होती. तंदूर सांभाळणारा माणूस मिळत नव्हता. एप्रिल २०१६ पासून नियम आला, की बाहेरून कामावर आलेल्याला कायम राहायचं तर वर्षाला ३५००० पौंड पगार हवा. नानवाल्याला कोण देतं एवढा? आमचे मालक सिल्हेटचे, पटेलबाईंचं भाषण ऐकून आले आणि म्हणाले, पहिल्यांदा कोणीतरी आमच्या चुलीबद्दल बोललं.

पुढे नोव्हेंबरात थेरेसा मे दिल्लीला गेल्या आणि व्हिसा सैल करायला तयार झाल्या नाहीत. मालकांनी २०१८ मध्ये दुकान बंद केलं. बोलणारी बाई अगदी योग्य निवडली होती, दिलेला शब्द कोणी पाळला नाही. प्रवक्ता निवडीचं कौतुक करताना हेही लिहून ठेवा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

केतकी_स्लाउ

पानसुपारी, हे लिहिलंत, आभार. मला बीजींच्या भाच्याचं पुढे काय झालं ते विचारायला हवं. आज रात्री फोन करते.

सह्याद्रीचा_वारा

अवांतर: क्रिकेटवाल्यांनी काय केलं? इयन बोथम लीव्हकडे होता ना?

गोदाकाठ

होता की. आणि फुटबॉलवाला बेकहॅम रिमेनकडे. पण युरोपच्या वादातला खरा क्रिकेटचा चेंडू १९९० चा.

जेफ्री हाऊ म्हणजे हळू आवाजाचा, मवाळ माणूस. त्यांनी केलेली टीका म्हणजे मेलेल्या मेंढीने घेतलेला चावा, अशी मजूर पक्षाच्या डेनिस हीली यांनी टर उडवली होती. १९७९ च्या थॅचर मंत्रिमंडळातले शेवटपर्यंत टिकलेले ते एकटेच. थॅचरबाई ३० ऑक्टोबर १९९० ला संसदेत युरोपवर 'नाही, नाही, नाही' गरजल्या आणि दोन दिवसांनी हाऊंनी राजीनामा दिला. १३ नोव्हेंबरला ते निवेदन द्यायला उभे राहिले. त्याच संथ आवाजात म्हणाले, की युरोपशी बोलणी करायला आम्हाला पाठवणं म्हणजे सलामीचे फलंदाज खेळपट्टीवर पोचावेत आणि पहिले चेंडू पडताच त्यांना कळावं, की आपल्याच कर्णधाराने सामन्याआधी बॅटी मोडून ठेवल्यात. नऊ दिवसांत थॅचर यांनी पायउतार होणार असल्याचं जाहीर केलं. तेच वाक्य पक्षातले त्यांचे प्रतिस्पर्धी हेझेल्टाइन बोलले असते तर लोक म्हणाले असते, ह्याला खुर्ची हवीय. हाऊंना ते बोलून मिळणार काहीच नव्हतं.

जुनापेपर

बरोबर. आणि त्याच्या उलट बाजूचं उदाहरण १९८८ चं. १९८३ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्ष युरोपातून बाहेर पडायचं म्हणत होता. आमच्या युनियनचे बहुतेक लोक त्याच मताचे. ८ सप्टेंबर १९८८ ला बोर्नमथला ट्रेड युनियन काँग्रेसपुढे झाक डेलोर बोलले. फ्रेंच माणूस, ब्रसेल्सचा बडा अधिकारी, म्हणजे कागदावर अत्यंत चुकीचा वक्ता. पण स्वतः कामगार संघटनेतून आलेला. तो कामगारांच्या हक्कांवर, सामूहिक वाटाघाटींवर बोलला, जे थॅचरबाईंच्या राज्यात नऊ वर्षं कोणी बोललं नव्हतं. लोकांनी त्याला 'फ्रेअर झाक' (भाऊ झाक) म्हणत डोक्यावर घेतलं. आमचा शॉप स्टुअर्ड, म्हणजे कारखान्यातला युनियनचा प्रतिनिधी, परत आला तो वेगळाच होऊन. बारा दिवसांनी थॅचरबाईंनी ब्रूजला उत्तराचं भाषण ठोकलं, ते उगाच नाही.

तर्कटराव, इथे मुद्दा आणि माणूस दोन्ही जुळले, म्हणून तुमचंही थोडं खरं.

तर्कटराव

काका, तुमच्यापुढे हार मानायला आनंदच आहे. पण मग २०१६ ला रिमेनकडचा डेलोर कोण? मजूर पक्षाचा मतदार कोणाचं ऐकणार होता? त्यांचे नेते कॉर्बिन टीव्हीवर म्हणाले, की युरोपबद्दलचा माझा उत्साह दहापैकी सात किंवा साडेसात. हे प्रामाणिक होतं, पण प्रचारात सात गुणांचा माणूस चालत नाही.

गोदाकाठ

मला तर कॉर्बिनचे साडेसात गुण रिमेनचं सर्वांत मोठं वाया गेलेलं भांडवल वाटतं. "मला युरोपात अनेक गोष्टी खटकतात, तरी राहू या" हे म्हणणारा माणूस काठावरच्यांना पटतो. १९७५ ला हॅरॉल्ड विल्सन हेच करत होते. फार उत्साह नाही, आपण घासाघीस करून जरा बऱ्या अटी आणल्यात, बघा पटतंय का. मंत्रिमंडळात १६ विरुद्ध ७ अशी फूट, तरी विरोधी सात जणांना मोकळेपणी बोलू दिलं.

२०१४ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग यांनी उलट केलं. माजी युरोपीय खासदार, पाच भाषा बोलणारा, मनापासून युरोपवादी. फराजांशी टीव्हीवर दोन चर्चा केल्या. दुसऱ्या चर्चेत विचारलं, दहा वर्षांनी युरोपीय संघ कसा असेल? म्हणाले, साधारण आत्तासारखाच. ज्याला आत्ताचं पटत नाही, त्याला एवढं ऐकून फराज बरा वाटणार नाही तर काय? चर्चेनंतरच्या यूगव्हच्या पाहणीत फराज ६८, क्लेग २७. मे महिन्यातल्या युरोपीय निवडणुकीत क्लेग यांच्या पक्षाकडे ११ पैकी एकच जागा उरली.

लीड्सकर

रिमेनच्या मोहिमेचे अध्यक्ष स्टुअर्ट रोज, मोठ्या दुकानसाखळीचे माजी प्रमुख. मार्च २०१६ मध्ये संसदीय समितीने त्यांना विचारलं, युरोपातून येणारे कामगार कमी झाले तर पगार वाढतील का? ते म्हणाले, वाढतील. पण ते काही चांगलं असेलच असं नाही! आता हे गोदामात तासावर काम करणाऱ्याने ऐकलं तर? त्यानंतर रोजसाहेब फारसे दिसले नाहीत.

माझ्या मते त्यांच्याकडे एक नाव होतं: सारा वोलस्टन. हुजूर पक्षाच्या खासदार, व्यवसायाने डॉक्टर, आणि जूनपर्यंत लीव्हच्या बाजूने. युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात हा लीव्हच्या बसवरचा आकडा खोटा आहे, तो मी माझ्या पत्रकावर छापू शकत नाही, असं म्हणून मतदानाला दोन आठवडे राहिले असताना त्यांनी बाजू बदलली. दोन दिवस बातम्या झाल्या. मग पुन्हा कॅमेरन आणि ऑस्बर्न.

निळावंती

अगदी! वेम्बलीच्या रात्री रिमेनकडून स्कॉटलंडच्या हुजूर नेत्या रूथ डेव्हिडसन बोलल्या तेव्हाही आमच्याकडे नर्सेस म्हणाल्या, ही बाई आधी कुठे होती? मतदानाला तेव्हा दोन दिवस उरले होते.

केतकी_स्लाउ

बीजींशी बोलले. तासभर. भाचा २०२२ मध्ये आला, वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून. बीजी खूश आहेत, मत दिल्याचा त्यांना अजिबात पश्चात्ताप नाही.

मग मी थेट विचारलं, तुमचं मत कोणी बदलू शकलं असतं का? कॅमेरन? हसल्या. लंडनचे महापौर सादिक खान? "तो लंडनचा, आमचा काय." मी म्हटलं, मग कोणीच नाही? थोडं थांबून म्हणाल्या, "आमचे डॉक्टर. तीस वर्षं औषध देतायत. त्यांचे निम्मे सहकारी स्पेनचे आणि पोर्तुगालचे. ते म्हणाले असते, बीजी, ही मुलं गेली तर मला दवाखाना चालवता येणार नाही, तर मी विचार केला असता."

भाच्याच्या व्हिसाचं काय, म्हटलं. "ते वेगळं. पण मी विचार केला असता."

निळावंती

केतकी, हे वाचून बराच वेळ नुसती बसले.

त्या जूनमध्ये आमच्याकडे एक आजोबा यायचे, जहाजबांधणीतले निवृत्त कामगार, मधुमेहाचे जुने पेशंट. नातू निसानच्या कारखान्यात. मी पायाची पट्टी सोडत असताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही शिकलेल्या. काय करू सांगा." तपासणीच्या खोलीत पेशंटला राजकारण सांगू नये, हे मी आजही मानते. मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा. ते बरोबरच होतं.

पण त्याच शनिवारी बाजारात रिमेनचं टेबल होतं. त्यांना माणसं हवी होती, मला दोनदा ईमेल आली होती. तिथे मी डॉक्टर म्हणून नाही, शेजारची बाई म्हणून उभी राहू शकले असते, आजोबा तिथूनच भाजी न्यायचे. मी गेले नाही. मला वाटलं, माझ्यासारख्या रंगाची बाई युरोपबद्दल बोलली तर उलट मतं जातील. गिझेला स्टुअर्टचं लीड्सकरांनी लिहिलंय ते वाचताना सारखं हेच आठवत होतं.

सन्डरलंड, लीव्ह, ६१.३ टक्के. रात्री साडेबाराच्या आत निकाल आला होता. मी ड्यूटीवर होते.

जुनापेपर

निळावंती, पोरी, आजोबा आहेत का अजून?

निळावंती

आहेत काका. ८८ चे झालेत. गुरुवारी पट्टी बदलायला येतात.